चार बोटांचा फरक

पट्टीकाकांच्या हातून कुठलीही गाडी सहजासहजी पास होत नसे. त्यातून ती जावयाची, म्हणजे तिचं काही खरं नाही, असं सगळा कारखाना धरून चालला होता. म्हणून ती पहिल्याच दिवशी पास झाली तेव्हा सगळ्यांत जास्त कोण दचकलं असेल, तर ते स्वतः पट्टीकाका.

कारखाना खेळण्यांचा. खाली साच्यांतून प्लॅस्टिकचे भाग निघायचे, वरच्या मजल्यावर बायका ते जोडायच्या, आणि जोडणीच्या टोकाला एक अरुंद, लांबच लांब खोली होती. तिथे पट्टीकाका बसायचे. बसायचे कमी, ओणवे जास्त. खोलीभर एक फळी, तिच्यावर करडं लिनोलियम, कडेने मोजपट्टी ठोकलेली. पांढऱ्या रेघेवर गाडी ठेवायची, लाल रेघेपर्यंत मागे ओढायची आणि सोडायची. मागे ओढताना आतली स्प्रिंग आवळते, सोडली की तीच गाडीला पुढे पळवते. गाडी थांबली तिथला आकडा लिहायचा. असं दहा वेळा. सगळ्यांत लांबची धाव आणि सगळ्यांत आखूड धाव यांत चार बोटांपेक्षा जास्त फरक पडला, की गाडी नापास.

इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीवर एखाद्याचा जीव जडला की लोक त्याला सुखाने जगू देत नाहीत. शर्टाच्या खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून हे पट्टीकाका झाले आणि त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं. मालकाच्या मेहुण्याने काढलेली चाकांची आगबोट त्यांनी तीनदा परत पाठवली होती. चौथ्यांदा मेहुणा स्वतः आला आणि चहा पिऊन तसाच परत गेला.

आता जावई. तो त्याच कारखान्यात वर्षभराच्या करारावर डिझायनर होता, आणि लग्न झाल्यापासून पट्टीकाकांच्याच इमारतीत, अगदी डोक्यावरच्या घरात, त्यांच्या लेकीबरोबर राहत होता. काकूंना, म्हणजे पट्टीकाकांच्या बायकोला, याचा कोण आनंद. लेक वरून हाक मारते आणि खाली ऐकू येते, याहून माणसाला काय हवं? पट्टीकाका मात्र कधी काही बोलले नाहीत. जावयाशी त्यांचं संभाषण म्हणजे "जेवलात का?" आणि "वरचा नळ गळतोय वाटतं," एवढंच. त्याला कारणही होतं. जावयाच्या तोंडात सारखा एकच शब्द, 'अंदाजे'. चाक अंदाजे एवढं, दांडा अंदाजे तेवढा, येतो अंदाजे सातला. पट्टीकाकांना हा शब्द कुणी शिवी हासडावी तसा लागायचा.

त्या जावयाने पिवळी गाडी काढली. तिच्याबरोबर पुठ्ठ्याचं एक छोटं गॅरेज. मुलाने गाडी ओढून सोडायची आणि ती पळत जाऊन बरोबर गॅरेजात थांबायची. कमी गेली तर बाहेर राहणार, जास्त गेली तर मागची भिंत पाडणार. कल्पना सगळ्यांना आवडली. मालक म्हणाले, "तपासणीत पास झाली तर घेऊ, आणि हिच्या डिझायनरलाही ठेवून घेऊ." नाही झाली तर करार संपत होता, आणि जावयाच्या थोरल्या भावाने दूरच्या एका शहरात त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. दूर म्हणजे एका दिवसात जाऊन येता येणार नाही इतकं दूर.

लेकीने बापाला विचारलंही होतं. चहाचा कप पुढ्यात ठेवून म्हणाली, "बाबा, गाडी नाही जमली तर आम्हाला जावं लागेल. तुम्हाला काय वाटतं?"

पट्टीकाका वर्तमानपत्राच्या आड होते. तिथूनच म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा."

ती वर निघून गेली. पट्टीकाकांनी पुढचं पान उलटलं, पण त्यात काय छापलं होतं ते त्यांना अजून आठवत नाही.

तपासणीच्या दिवशी पट्टीकाकांनी पिवळी गाडी रेघेवर ठेवली, ओढली, सोडली. ती गॅरेजात जाऊन थांबली. दुसऱ्यांदाही तिथेच. दहा धावा झाल्या आणि फरक एका बोटाचासुद्धा नाही. त्यांनी गाडी उलटी केली, चाकांवर फुंकर मारली, फडक्याने लिनोलियम पुसून काढलं आणि पुन्हा दहा धावा घेतल्या. गाडी आपली शहाण्या मुलासारखी प्रत्येक वेळी घरात. इतकी इमानी गाडी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि ती केली होती एका अंदाजेवाल्याने! त्यांनी तक्त्यावर आकडे भरले, शेवटी 'पास' लिहिलं आणि हे आपणच लिहिलंय ना, म्हणून पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

कुठलीही नवी गाडी पास झाली की तपासणीच्या मॅडम आपल्या हाताने एकदा खात्री करून घ्यायच्या. तसा नियमच होता. त्या आल्या, त्यांनी गाडी ओढली, सोडली. गाडी गॅरेजच्या अलीकडे हातभर अंतरावर रेंगाळून थांबली. दुसऱ्या वेळी तिने गॅरेजची भिंत उडवली. तिसऱ्या वेळी ती पुन्हा बाहेरच.

"काका," मॅडम तक्ता हातात घेऊन म्हणाल्या, "ही पास कशी झाली?"

"तुम्ही तिरकी ओढली असणार."

"मी तिरकी ओढीन?"

"मग रेघेच्या पुढे गेला असाल."

मॅडमनी खाली बसून, डोळा रेघेला लावून ओढली. गॅरेज आडवं झालं. मग जोडणीतल्या एका उंच बाईला बोलावलं, जिला सगळे शिडी म्हणायचे. शिडीच्या हातात तर गाडी कुठेही गेली, एकदा फळीवरून खाली उतरली. मग जावई आला. त्याच्याही हातात तेच. कपाळावरचा घाम पुसत त्याने सहा-सात वेळा ओढून पाहिली, आणि प्रत्येक वेळी गाडी नव्या ठिकाणी. शेवटी पट्टीकाका पुढे झाले, आणि गाडी मुकाट्याने गॅरेजात.

 मग सगळेच एकदम बोलायला लागले.

"फळी उतरती असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," पट्टीकाका फणकारले. ती फळी म्हणजे त्यांचा अभिमान. तरी त्यांनी पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मधोमध.

पंखा बंद केला. चाकं धुतली. कुणाच्या हाताला घाम, कुणाच्या हाताला पावडर, म्हणून सगळ्यांनी साबणाने हात धुतले. खोलीत चार माणसं ओल्या हातांनी उभी आणि मध्ये एक वीतभर गाडी. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. दुसरा नमुना आणला, तिसरा आणला. तिन्हींचीही तीच तऱ्हा. पट्टीकाकांनी ओढली की गॅरेजात, इतरांनी ओढली की देव जाणे कुठे.

"गाडी काकांना घाबरते," शिडीने निकाल दिला. "आम्ही सगळेच घाबरतो, त्यात काय!"

सगळे हसले. पट्टीकाका नाही हसले. जावईही नाही.

दुपारच्या चहाला पट्टीकाका जरा उशिरा गेले, तर दाराबाहेरच त्यांना ऐकू आलं. कोणीतरी म्हणत होतं, "शेवटी काय, आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मेहुण्याची आगबोट तीनदा परत, आणि जावयाची गाडी बघा कशी एका दमात." दुसरं कोणीतरी म्हणालं, "पण त्यांचं तर पटत नाही ना जावयाशी?" पहिला म्हणाला, "तोंडाने नसेल पटत."

पट्टीकाका चहा न घेताच परतले. त्यांना राग आला होता, पण राग नेमका कुणावर धरायचा ते सुचत नव्हतं. आपण काही केलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडी तशी का धावते, हेही ठाऊक नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर सगळं चार बोटांच्या आत बसवलं, त्याला ही दोन वाक्यं एकमेकांत बसवता येईनात.

जिन्यात जावई थांबला होता.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?" कारखान्यात तोही त्यांना इतरांसारखा काकाच म्हणायचा.

"विचारा."

"तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

"कसली चेष्टा?"

"मी केलेली गाडी माझ्या हातात चालत नाही, तुमच्या हातात चालते. म्हणजे तुम्हाला काहीतरी कळलंय आणि ते तुम्ही सांगत नाही. मला धडा शिकवायचा असेल तर सरळ सांगा. असं चार माणसांत नको."

 आतापर्यंत निदान एवढं तरी वाटत होतं की, लोक आपल्याला पक्षपाती म्हणतात. आता ज्याचा पक्ष घेतल्याचा आळ, तोच म्हणत होता की तुम्ही माझ्या वाईटावर आहात.

"मी काहीही करत नाही," ते म्हणाले. "ओढतो आणि सोडतो."

"अंदाजे किती ओढता?"

"अंदाजे?" पट्टीकाकांचा आवाज जिनाभर घुमला. "लाल रेघेपर्यंत ओढतो! अंदाजे!"

जावई मान खाली घालून उतरून गेला. पट्टीकाका कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना त्याला हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून पुढे काय बोलायचं ते ठरेना, म्हणून त्यांनी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी पट्टीकाकांपुढे एक लाल गाडी ठेवली. ही लाल गाडी कारखान्याची जुनी, रोज शेकड्यांनी निघणारी. अधूनमधून त्यातली एखादी उचलून तपासायची, एवढंच. डोळे मिटूनसुद्धा पास होणारी. पट्टीकाकांनी तिला रेघेवर ठेवलं. डोक्यात कालचाच घोळ चालू होता. ओढली, सोडली, आकडा लिहिला. ओढली, सोडली, आकडा लिहिला. दहावी धाव झाली आणि त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, तर फरक चार बोटं सोडाच, चांगला वीतभराच्या वर.

"अहो मॅडम, हे काय?" ते खरोखरच घाबरले. "लाल गाडी नापास? स्प्रिंगा बदलल्या की काय कुणी?"

"लिहा तुम्ही जे आलं ते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ती गाडी उचलली आणि शेजारच्या खोलीत नेली. थोड्या वेळाने तिथून मॅडम परत आल्या आणि मागोमाग जावई आला. त्याच्या हातात पिवळी गाडी होती. ती फळीवर ठेवून तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

"आता ही एकदा, काका," मॅडम म्हणाल्या.

पट्टीकाकांनी पिवळी गाडी ओढली. गॅरेजात. पुन्हा गॅरेजात. दहाच्या दहा वेळा गॅरेजात. आज तरी ही चुकेल, म्हणजे सगळं कोडं सुटेल, अशी एक विचित्र आशा त्यांच्या मनात होती. पण छे.

मग जावई पुढे आला. त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, गाडी उलटी केली, चार स्क्रू काढले आणि पिवळं टपर, म्हणजे वरचं कवच, वेगळं केलं. आतल्या सांगाड्यावर खुणेसाठी काढलेला शाईचा एक ठिपका होता. त्याने मॅडमनी पुढे केलेलं लाल टपर घेतलं आणि त्या सांगाड्यावर बसवून दाखवलं. ते नीट बसलं.

"ही तीच आहे, काका," तो म्हणाला. "मघाची लाल, ती हीच. आतली गाडी माझीच होती, वरून फक्त जुन्या गाडीचं टपर घातलं होतं. दोन्ही टपरं वजनाला सारखी करून घेतली होती. माझी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं तेव्हा ती वीतभर चुकली. माहीत होतं तेव्हा नाही चुकली."

पट्टीकाकांना ते पहिल्यांदा समजलंच नाही. त्यांनी सांगाडा हातात घेतला, ठिपका अंगठ्याने घासून पाहिला. मग हळूहळू त्यांच्या कानशिलांपाशी गरम झालं.

"माझी परीक्षा घेतलीत तुम्ही?"

"गाडीची घेतली," मॅडम म्हणाल्या. "यांनीच मला सुचवलं. रागावू नका."

"म्हणजे मी लबाडी करतो?"

"तसं कोणीच म्हणत नाही, काका."

"मग काय म्हणताय?"

 पट्टीकाका खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर ते इतके क्वचित बसायचे की ती कुरकुरते हे त्यांना आज कळलं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले. लाल गाडी ओढताना त्यांनी काय केलं होतं? रेघेपर्यंत ओढली आणि सोडली, नियमाप्रमाणे. आणि पिवळी? तीही रेघेपर्यंतच ओढली. पण आता आठवायला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, पिवळी ओढताना आपण श्वास धरत होतो. या गाडीच्या स्प्रिंगला थोडी ढील आहे. कधी ती लवकर आवळते, कधी उशिरा. मुलाला ते कळणार नाही, मॅडमलाही नाही. पण त्यांच्या बोटांना ते कळत होतं, आणि बोटं रेघेपाशी पोचल्यावर केसभर थांबत होती, केसभर जास्त ओढत होती, केसभर कमी. गाड्या ओढून ओढून मुरलेली बोटं ती. लाल गाडीला त्यांनी हे केलं नाही. मेहुण्याच्या आगबोटीला तर नाहीच नाही. फक्त हिलाच केलं, आणि आपल्या मालकाला, म्हणजे पट्टीकाकांना, विचारलंसुद्धा नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नये म्हणतात, इथे तर ज्याचा हात त्यालाच पत्ता नव्हता.

"पण का, काका?" जावई अगदी हळू म्हणाला. "तुम्हाला तर मी आवडत..." तो थांबला. "म्हणजे, सगळ्यांना माहीत आहे ना."

काय माहीत आहे ते पट्टीकाकांनाही माहीत होतं. आज सकाळपर्यंत त्यांचीही तशीच समजूत होती.

जावई गेल्यावर मॅडमनी दार लोटलं. "काका, एक सांगते. तुमचे पहिले आकडे काही खोटे नाहीत. नियमाने ओढलीत, नियमाने मोजलीत. तक्त्यावर पास आहेच. मी माझी धाव लिहिलेली नाही अजून. मालकांना गाडी हवी आहे, यांना नोकरी हवी आहे, आणि तुम्हाला..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "उद्या सकाळी शेवटची सही करायची. रात्रभर विचार करा."

भली बाई. असा चांगुलपणा माणसाला सरळ वाटेवरून कसा खाली ओढतो, ते ज्याचं त्यालाच कळतं.

संध्याकाळी पट्टीकाका घरी आले तेव्हा लेक खालीच होती, काकूंना चादरींच्या घड्या घालायला मदत करत. बापाला बघून तिने चादर तशीच सोडली.

"बाबा, काय झालं? तो आल्यापासून एक शब्द बोलत नाहीये. विचारलं तर म्हणतो, तुझ्या बाबांना विचार."

पट्टीकाकांनी सांगितलं. सांगताना गुंता अजूनच वाढला. लाल कुठली, पिवळी कुठली, आत कोण, बाहेर कोण. लेकीने मध्येच दोनदा "थांबा, थांबा" म्हणून पहिल्यापासून विचारून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम नाही गं. तेच तर कळत नाही. मुद्दाम केलं असतं तर कबूल करून मोकळा झालो असतो. मी काही केलंच नाही, आणि तरी मीच केलं."

"पण कशासाठी?"

 काकूंनी चादरीचं दुसरं टोक हनुवटीखाली धरलं होतं. ते धरूनच त्या म्हणाल्या, "कशासाठी काय विचारतेस? तुम्ही वर राहायला आल्यापासून हे रोज पहाटे उठून जिन्यातल्या चपला सरळ लावून ठेवतात. तुझ्याही, त्याच्याही. मी विचारलं तर म्हणतात, वाटेत येतात म्हणून."

"येतातच वाटेत," पट्टीकाका म्हणाले.

"वाट चांगली रुंद आहे," काकू म्हणाल्या आणि घडी घेऊन आत गेल्या.

लेक बापाकडे बघत होती. आड व्हायला आज वर्तमानपत्र नव्हतं. पट्टीकाकांना वाटलं, नळाचं काहीतरी विचारावं. वरच्या भाड्याचं विचारावं. मग त्यांना एकदम आपलीच भयंकर चीड आली. इतकी की ते उभे राहिले.

"हे बघ," ते म्हणाले, "ती गाडी चांगली नाही. मुलांच्या हातात ती जाईल आणि कधीही गॅरेजात थांबणार नाही, आणि मुलांना वाटेल आपलंच चुकतंय. मी उद्या नापास लिहिणार आहे." मग ते लेकीकडे वळले.  "आणि तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तोही. दोघंही जाऊ नका. हे दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक दुसऱ्याशी कसं जुळवायचं ते मला कळत नाही."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ते पुसायला विसरली.

"मी विचारलं होतं तेव्हा का नाही म्हणालात?"

"तेव्हा म्हटलं असतं तर काय झालं असतं? गाडी तशीच धावली असती."

"मी गाडीचं विचारत नाहीये, बाबा." ती चादरींच्या ढिगाशेजारी खाली बसली. "मला वाटायचं, आम्ही गेलो तर तुम्हाला सुटल्यासारखं होईल. मी त्याला म्हणालेसुद्धा तसं. दोन दिवस रडत होते मी वर. तुम्हाला खाली ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे."

पट्टीकाका तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे वाजले. वरच्या नळाचं पाणी पाइपातून वाहताना त्यांनी रोज ऐकलं होतं, आणि तो गळतोय असं समजून जावयाला दोनदा बोलले होते.  त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"नापासच लिहा," ती म्हणाली. "पास लिहिलंत तर तो इथे रोज ती गाडी बघत बसेल आणि त्याला कळत राहील. ते मला नको."

"मग तुम्ही जाणार."

"जाणार," ती म्हणाली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा रडायला लागली.

सकाळी मॅडमच्या टेबलावर तक्ता मांडलेला होता. मॅडम एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला. त्याचे डोळे लाल होते. रात्री वर लेकीने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो पट्टीकाकांकडे असा बघत होता, जसं एखाद्या रोजच्या रस्त्यावर भलतंच घर दिसावं आणि आपण चुकलो की रस्ताच बदलला ते ठरवता येऊ नये.

"लिहा, काका," तो म्हणाला. "माझ्याच हातात ती थांबत नाही. मुलांच्या हातात काय थांबणार."

पट्टीकाकांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत ह्या पोराने पहिल्यांदाच अंदाजे न म्हणता काहीतरी नेमकं सांगितलं होतं, आणि ते स्वतःच्याच विरुद्ध. लेकीसाठी आपला हात थबकत होता की याच्यासाठी, हे त्यांना कालही कळलं नव्हतं आणि आता तर मुळीच कळेना. त्यांनी पेन उचललं. निदान आता तरी हात अडेल, थरथरेल, एखादं अक्षर वाकडं काढेल, असं त्यांना वाटलं होतं. खरं तर त्यांनी त्याची वाटही पाहिली. पण हाताने आधीचा 'पास' एका रेघेने खोडला, त्याच्याखाली सरळ, ओळीला धरून 'नापास' लिहिलं आणि सही केली. ते स्वच्छ, नीटनेटकं अक्षर बघून पट्टीकाकांना तिथेच, मॅडमसमोर आणि जावयासमोर, रडू फुटलं.